उभ्यानं वाजवायची चाल

जैनुद्दीन मास्तरनं क्लॅरोनेट ओठाला लावलं, आणि त्याचा सगळा बँड डावा पाय पुढे टाकून समोरच्या भिंतीवर आदळला.

"अरं, उभं ऱ्हायचंय! जागच्या जागी!" मास्तर ओरडला.

बिचाऱ्यांचा तरी काय दोष? भिंगारच्या या बँडानं सारी हयात वरातीत काढलेली. वाद्य तोंडाला लागलं की पाय आपोआप सुटायचे. उभ्यानं वाजवायची वेळ आजवर आलीच नव्हती. आज आली, कारण कँपातले कारकून आबासाहेब यांच्या बाहेरच्या खोलीत स्टुलावर टेपरेकॉर्डर मांडला होता. तो त्यांच्या मेव्हण्याचा. संध्याकाळी परत द्यायचा होता, आणि टेपही एकच होती. मुंबईच्या एका रेकॉर्ड कंपनीत आबासाहेबांची ओळख होती. टेप तिथे पसंत पडली तर मास्तरच्या नव्या चालीची तबकडी निघणार होती.

दुष्काळानं त्या साली लग्नं कमी झालेली. रिकामपणी मास्तरला ही चाल सुचली. एरवी त्यांचा बँड म्हणजे नुसता दणदणाट. वाजवायला लागले की घरातली भांडी फळीवरून खाली यायची, आणि लोक त्यावरच खूश असायचे. नवी चाल मात्र संथ होती. तिच्यात मधे मधे चक्क गप्प बसायचं होतं. मिरजगावच्या एका वरातीत मास्तरनं ती हळूच काढून पाहिली, तर नवऱ्याचा मामा घाबऱ्याघुबऱ्या पुढे आला आणि विचारू लागला, "कोन वारलं का काय?"

त्या दिवसापासून ढोलवाला कानिफनाथ बिथरला होता. वरातीतलं निम्मं वादळ एकट्या त्याचं. त्याच्या ढोलानं एकदा म्हैस दावं तोडून पळाली होती, आणि ही गोष्ट तो अजून पाहुण्यांना सांगायचा.

"या चालीत माज्या ढोलाला काम काय, मास्तर?" तो म्हणाला होता. "चार ठोकं? तेवढं तर आमची मंडळी भाकरी थापताना देती. ही तबकडी निघाली ना, तर मी ढोल खाली ठिवला म्हून समजा."

कानिफशिवाय बँड म्हणजे काय, हे मास्तरइतकं कुणाला ठाऊक? दोघं पोरसवदा होते तेव्हापासून बरोबर वाजवत होते. पण चालही जिवाला लागली होती. ती सोडवेना, आणि हाही सोडवेना.

आज कानिफ आला, पण ढोल घरी ठेवून. "मी आपला बटनाशी बसतो," म्हणाला, आणि स्टुलाशेजारी मांडी ठोकून बसला.

दुसऱ्या खेपेला भिंतीचा धसका घेऊन सगळ्यांनी दाराकडे तोंड केलं. दार उघडं होतं. कानिफनं बटण दाबलं, मास्तरनं डोळे मिटले, सूर लावला, आणि बँड वाजवत वाजवत सरळ रस्त्याला लागला. आबासाहेब "अहो, अहो!" करत मागे धावले. मास्तरनं डोळे उघडले तेव्हा तो बाजारात उभा होता आणि एक म्हातारी विचारत होती, "नवरदेव कुटाय रं?"

आता थांबावं तर सुरू झालेली वरात मधेच मोडत नाहीत. तो अपशकुन. नवरदेव नसला म्हणून काय झालं? मारुतीच्या देवळाला वळसा घालून सगळे वाजवतच परत आले. खोलीत पाय ठेवला आणि टेप संपली.

"झालं वाटोळं," आबासाहेब कपाळावर हात मारून म्हणाले. मग त्यांनी टेप उलटी गुंडाळून पहिल्यापासून लावली.

आधी चाल खणखणीत ऐकू आली. मग चपलांचा फटफटाट. मग क्लॅरोनेट लांब लांब जात बारीक झालं आणि विरून गेलं. मास्तरला रडू यायचंच बाकी होतं.

"बंद करा की आता," कानिफ एकदम म्हणाला. "रिकामी टेप काय ऐकायची?" त्याचा हात बटणाकडे गेला.

मास्तरनं तो मधेच धरला. टेपमध्ये काहीतरी वाजत होतं.

टक. टकटक. कुणीतरी टेपच्या डब्याच्या झाकणावर बोटं वाजवत होतं. अगदी हलकी, म्हैस काय, माशीसुद्धा उठली नसती. जिथे चाल गप्प बसत होती, नेमकी तिथे ती बोटं बोलत होती. आणि त्यावर एक घोगरा आवाज मास्तरची चाल गुणगुणत होता, एकही जागा न चुकता, सावकाश, लाडानं. बँडाचा मागमूसही नव्हता, तरी चाल खोलीत चालूच होती. मग बाहेरून क्लॅरोनेट परत आलं आणि त्या बोटांना बरोबर येऊन मिळालं. अर्ध्या ठोक्याचाही फरक पडला नाही. चालीत इतके दिवस काय कमी होतं, ते मास्तरला तेव्हा कळलं.

टेप संपली. सगळे कानिफकडे बघत होते. कानिफ आढ्याकडे बघत होता.

"उंदीर आसंल," तो म्हणाला. "लई उंदीर हायती आबासाहेबांकडं."

आबासाहेबांनी टेप डब्यात घातली. "मास्तर, हे असलं मुंबईला पाठवायचं कसं?"

"न्हाई पाठवायचं." मास्तरनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला आणि छातीशी धरला. मग कानिफकडे न बघता म्हणाला, "कानिफ, त्या उंदराला सांग. उद्या ढोल घिऊन ये म्हनावं."