पळपळ

२१ जून २००८. शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मंदार कुलथेने आपला दिवा टेंपोतून उतरवला, आणि गुम्मिडिपूंडीच्या त्या गाड्या रंगवण्याच्या कारखान्यात जमलेले सगळे हसले. दिवे दाखवायला आलेल्या बाकी दोघांनी हातात मावतील असे दिवे आणले होते. मंदारने आणली होती कमान. सात फूट उंच, खाली चाकं, आतून एलईडीच्या तीन लांब पट्ट्या.

"लग्नाचा कल्याणमंडप आणलास काय पा?" तुळजाजींनी विचारलं.

तुळजाजी हे कारखान्याचे मुख्य तपासनीस. घराणं तंजावरचं, मराठी तमिळ वळणाची, नोकरी सव्वीस वर्षांची. रंगवलेल्या गाडीवरून ते तळहात फिरवायचे आणि "सरी" म्हणायचे. की गाडी पास. आता कारखान्याला तपासणीसाठी एलईडीचे दिवे हवे होते. कोणाचे घ्यायचे, हे तुळजाजी ठरवणार होते.

मंदार नाशिकचा. पुण्यातली नोकरी सोडून तो चार महिने गिंडीतल्या एका शेडमध्ये हे एकच काम करत होता. काम मिळालं नाही तर एक जुलैच्या गाडीने परत येतो, असं त्याने घरी कबूल केलं होतं. तिकीट शर्टाच्या खिशात होतं.

दिव्यात खोट नव्हती. रिची स्ट्रीटच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून त्याने सहा प्रकारचे एलईडी आणले होते. निळसर उजेडात बारीक ओरखडा दिसे, पण दहा मिनिटांत डोळे चुरचुरत. पिवळसर उजेडात डोळ्यांना बरं वाटे, पण ओरखडा गायब होई. शेवटी त्याने अकराच्या उन्हासारखा पांढरा निवडला. ठिपके सुटे दिसू नयेत म्हणून एलईडी अगदी जवळजवळ बसवले, वर दुधी अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावली. गरम होऊन ते मंद पडायचे, म्हणून मागे अ‍ॅल्युमिनियमची पाती जोडली. गाडीच्या रंगात त्या पट्टीचं प्रतिबिंब एका सरळ रेघेसारखं पडायचं. रेघ जिथे मोडेल, तिथे डाग.

परीक्षेची गाडी काळी होती. तिच्यावर चौदा डाग होते. ते कुठे आहेत, ते दाखवणारा कागद कीर्तनाकडे होता. कीर्तना रंगखात्यातली इंजिनियर. तीही तंजावरच्याच मराठी घरातली.

पहिल्या दिव्याने नऊ डाग दाखवले. दुसऱ्याने अकरा. मंदारच्या कमानीखाली गाडी उभी केली. आठ.

"एवढी मोठी कमान कशाला केलीत?" कीर्तनाने विचारलं.

"तुळजाजी सरांनीच सांगितलं फोनवर." मंदारने वही काढून वाचून दाखवलं. "'गाडी पळपळ राहिली तरी दाग दिसला पाहिजे.' पळत्या गाडीवरचा डाग हातातल्या दिव्याने कसा दिसेल? मागे धावणार कोण?"

कीर्तनाने कागदच तोंडावर धरला. हसू आवरल्यावर म्हणाली, "अहो, पळपळ म्हणजे चकचकीत! तमिळ शब्द आहे तो. गाडी कितीही चकचकीत असली तरी डाग दिसला पाहिजे, असं सर म्हणाले. आमची गाडी तपासणीला उभीच असते. पळते कुठे?"

मंदारचा हात आपोआप खिशातल्या तिकिटावर गेला.

तुळजाजी हसले नाहीत. कमानीभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "सरी. उभी असताना आठ. आता पळव."

चौघांनी गाडी ढकलली. उजेडाच्या तिन्ही रेघा बॉनेटवरून काचेकडे, तिथून टपावर सरकू लागल्या. उभ्या गाडीत ज्या ओरखड्यांना उजेडाचा कोन मिळाला नव्हता, त्यांना तो सरकताना मिळाला. रेघ मोडे, पुन्हा सरळ होई. कीर्तना मोठ्याने मोजत होती. नऊ. दहा. अकरा. बारा. तेरा. दरवाजापाशी चौदा. मागच्या मडगार्डशी तिचा आवाज थांबला.

"पंधरा," ती म्हणाली. "हा कागदावर नाही."

ओरखडा बोटभर लांबीचा होता, कोयरीसारखा वळलेला. तुळजाजींनी सवयीने त्यावर तळहात ठेवला आणि हलकेच फिरवला. त्यांच्या बोटातली नवरत्नांची अंगठी बरोबर त्या वळणावरून गेली. शेवटपर्यंत.

कीर्तनाने पेन काढलं. दिव्यांची पाती तापून टिकटिकत होती.

"पंधरावा कोणाच्या नावावर लिहू, सर?" कीर्तनाने विचारलं.

"नाव नको. दाग लिही."

तुळजाजींनी अंगठी काढली, खिशात टाकली आणि घड्याळाकडे पाहिलं. घरच्या लग्नासाठी त्यांना दुपारच्या बसने तंजावरला जायचं होतं. "निकाल सांगतो," एवढं म्हणून ते निघाले. कमान तिथेच राहू द्या, असंही ते म्हणाले नाहीत. घेऊन जा, असंही नाही.

रविवारी दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी मंदारच्या मोबाइलवर त्यांचा निरोप आला. इंग्रजी अक्षरांत, एकच शब्द: पळपळ.

मंदारने लगेच फोन लावला. तुळजाजींचा फोन बंद होता. मग त्याने कीर्तनाला लावला. "चकचकीत! म्हणजे मिळालं की काम!" ती म्हणाली. मग तिनेच विचारलं, "पण तुम्हाला सर मराठीतच लिहितात ना? मराठीत तर ते 'पळ, पळ' होतं."

सोमवारी संध्याकाळी सहा वाजेपर्यंत कमान कारखान्यातच होती, तिकीट रद्द झालेलं नव्हतं, आणि तो शब्द तमिळ की मराठी, हे कळू शकलेलं नव्हतं.