जावेला आणायला

आमच्या मेथडिस्ट चर्चमध्ये प्रभुभोजनाला वेदीपुढच्या कठड्यापाशी पहिले गुडघे माझे टेकतात. पाळकाची आई आहे मी. आजही टेकले. लेक भाकरीचं ताट घेऊन माझ्यासमोर आला आणि थांबला.

"आई, काकू मागच्या बाकावर बसल्यात," तो हळूच म्हणाला.

काकू म्हणजे माझी धाकटी जाऊ, दीना. नाताळच्या करंज्या मी बाजारातून आणल्या, असं तिनं चारचौघांत सांगितलं, तेव्हापासून अकरा वर्षं आमचं बोलणं बंद.

"बसू दे की. तू तुझं काम कर."

तो हलला नाही. गेल्याच महिन्यात भावाशी अबोला धरलेल्या एका गवंड्याला त्यानं इथूनच परत पाठवलं होतं, आधी समेट करून ये म्हणून. तो गवंडी आता गाणं थांबवून माझ्याकडे बघत होता. पोरानं मला तशीच भाकर दिली असती, तर उद्यापासून मंडळीत त्याचं कोणी ऐकलं नसतं.

मी उठले आणि मागच्या बाकापाशी गेले.

"चल."

"माफी मागायला आलात का, जाऊबाई?"

"माफी तू मागायचीस. मी तुला न्यायला आलेय."

"करंज्या बाजारच्याच होत्या," ती म्हणाली, पण उठली.

मी पुढे, ती मागे, अशा कठड्यापर्यंत आलो. गुडघे टेकताना म्हटलं, "होत्या."

लेकानं भाकर आधी तिला दिली, मग मला. जेवायला बसला की विचारणार आहे त्याला, आधी तिला का ते.