केबलमास्तरांची अँटेना

"पाय उचल! खाली केबल आहे!"

बायकोने पाय उचलला. टेकडीवर आल्यापासून ती पायच उचलत होती. तिच्या नवऱ्याला हौशी रेडिओवाल्यांच्या क्लबात केबलमास्तर म्हणत. हे नाव चेष्टेने ठेवलंय, हे त्याला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

केबल कशी जपावी यावर तो तासभर बोलू शकत असे, आणि बोलतही असे. आज त्याने पायवाटेवर केबल चटईखाली झाकली होती, कडेने लाल फिती लावल्या होत्या. सैल केबलमध्ये कुणाचा पाय अडकेल म्हणून अँटेनाच्या काठीपासून रेडिओपर्यंत ती ताठ ताणून बांधली होती.

रेडिओवरून दूरच्या अनोळखी हौशींशी बोलायचं मात्र आज बायकोला होतं. परवाना मिळाल्यानंतरचा तिचा हा पहिलाच प्रयत्न. घरी नवरा "एकच मिनिट" म्हणून रेडिओपुढे बसे, तो थेट जेवायलाच उठे. "आज जमलं नाही, तर मी पुन्हा या वाटेला जायची नाही," असं तिने निघताना बजावलं होतं. ती हसत बोलली नव्हती, म्हणून तो घाबरला होता.

तिने माइक हातात घेतला, हाक दिली. दूरवरून एका बाईचं उत्तर आलं. तेवढ्यात वारा सुटला, काठी डोलली आणि आवाज बंद.

"कुणी पाय ठेवला?" केबलमास्तर गरजला.

टेकडीवर तिसरं माणूस नव्हतं. त्याने चटई उचलून पाहिली. लांब चरणाऱ्या शेळीकडेही संशयाने पाहून झालं. मग तो काठीपाशी गेला. ताणलेल्या केबलने काठी डोलताच हिसका खाल्ला होता, आणि अँटेनाजवळचा जोड आतून निखळला होता. थोडी ढील ठेवायची असते, एवढं तर क्लबातलं कालचं पोरही जाणतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याने गाठ सोडली, केबल हाताने वर उचलून धरली. आवाज आला. हात खाली घेतला, आवाज गेला.

"दुसरा जोड आणलाय ना?" बायकोने विचारलं.

"आपली केबल कशाला तुटतेय, म्हणून..."

"मग तसेच धरून उभे राहा. आणि बोलू नका."

तो उभा राहिला. हाताला मुंग्या आल्या, नाकावर माशी बसली. बायकोचा आवाज आधी कापत होता, मग खुलला. ती इतकं छान बोलते हे त्याला माहीतच नव्हतं. कळणार कसं? बोलत तर कायम तोच असे. त्याला लाज वाटली आणि फार बरंही वाटलं.

रिवाजाप्रमाणे पलीकडच्या बाईने विचारलं, "अँटेना कशावर उभी केलीय?"

बायको अडखळली. बोलण्यासाठी दाबलेलं माइकचं बटण न सोडताच ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"सांग की, गाढवावर!" तो ओरडला. "पण गुणी आहे म्हणावं, हलत नाही!"

पलीकडून हसू ऐकू आलं.

"अगंबाई! तुमच्याकडेही नवराच का?"