आतून कडी

पाळी आलेल्या बायकांनी चार दिवस गावाबाहेरच्या झोपडीत बसायचं, हा आमच्याकडचा रिवाज. आधी हक्कवाले साहेब आले. मानवी हक्कांचा भंग होतोय म्हणाले, झोपडी पाडली, फोटो काढला अन् गेले. झोपडी गेली, रिवाज राहिला. दोन पावसाळे आम्ही मोहाच्या झाडाखाली बसून काढले. मग गावानं पुन्हा झोपडी बांधली.

यंदा विद्यापीठातून ऋजुता मॅडम आल्या. फार शिकलेल्या. म्हणाल्या, "हे हक्क-बिक्क परदेशातलं खूळ. ही झोपडी तुमची हक्काची जागा आहे. इथं पुरुषाचं काही चालत नाही." गावच्या पाटलांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "मॅडम, आम्हाला फक्त दाराला आतून कडी पाहिजे. साहेबांनाही तेच सांगितलं होतं."

"तो तपशील झाला, जानकाबाई," मॅडम गोड हसल्या अन् त्यांनी वही मिटली.

तिसऱ्या दिवशी मॅडमनाच पाळी आली. रिवाजाचा मान राखायला त्या हौसेनं झोपडीत गेल्या. मीच चटई अंथरून दिली. दुपारी पाटलांचा मेव्हणा पिऊन तिकडं गेला. तो नेहमीच जातो.

किंकाळी ऐकून आम्ही बायका काठ्या घेऊन धावलो, त्याला हाकलला. मॅडम आतून दार दाबून ओरडतच होत्या, "कडी कुठंय? या दाराला कडी का नाही?"

मी बाहेरून म्हटलं, "मॅडम, तो तपशील झाला."