किरणांची खोली

फळमाशीच्या अंडाशयातलं कॅल्शियम धरून ठेवणारं एक प्रथिन किरणांच्या माऱ्यात तिची अंडी वाचवतं का, हे बर्गेन शहरातल्या एका प्रयोगशाळेत सुनिव्हा चार वर्षं शोधत होती. शेवटचाच प्रयोग उरला होता आणि तिला दिवस गेले.

"आता त्या किरणांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस," तिचा प्रमुख टोराल्फ मायेनं म्हणाला. "उरलेलं काम तुझी सहकारी एलिन बघेल. तू बाळाला जप."

तिनं खोलीची किल्ली दिली. तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं. कुणालाच न सांगता ती आजारपणाच्या रजेवर घरी बसली.

उन्हाळ्यात छापील लेख टपालानं आला. प्रथिन अंडी वाचवतं, हे सिद्ध झालं होतं. वर नावं एलिन आणि टोराल्फची होती.

शेवटी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "सुनिव्हाचे आणि तिच्या येणाऱ्या बाळाचे आभार."