काकूला सांग

"ठकू, तुझ्या आईला सांग, बरण्या फडक्यानं पुसत बसू नको म्हणावं. उकळत्या पाण्यातून काढायच्या नि तशाच उपड्या घालायच्या."

थोरली पातेल्यात डाव फिरवता फिरवता बोलली. धाकटी तिच्यापासून हातभरच लांब, दुसऱ्या शेगडीपाशी, चिमट्यानं बरण्या काढत होती. तिनं शब्द न् शब्द ऐकला, आणि ऐकलाच नाही. फ्रिजपाशी उभी असलेली चार वर्षांची ठकू दोन्ही हात मागं बांधून तिच्याजवळ आली.

"आई, काकू म्हणते, पुसू नको."

"काकूला सांग, आईला माहितेय. आईनं सगळं वाचलंय."

ठकू वळली. "काकू, आईनं वाचलंय."

"वाचलेल्या बरण्यांनाच गेल्या वर्षी बुरशी आली, म्हणावं."

दोघी जावांचं बोलणं बंद होतं. पण परसातलं सफरचंदाचं झाड एक, मोठं पातेलं एक, आणि काम एकटीला न पेलणारं. डाव थांबला की गर खाली लागतो, बरण्या गार झाल्या की ओतताना तडकतात. म्हणून मध्ये ठकू. तिला हे काम फार आवडायचं.

धाकटीचा एक डोळा सारखा तिच्यावर होता. सकाळीच बजावलं होतं, फ्रिजच्या पुढं पाऊल टाकायचं नाही. आता दर निरोपाला ठकू फ्रिज ओलांडत होती आणि दर वेळी धाकटीचा चिमटा हवेतच अडत होता. तरी निरोप थांबत नव्हते.

थोरलीनं गार बशीवर गराचा ठिपका टाकला, बशी तिरकी केली. कडेनं पाणी सुटलं नाही. गर तपकिरी, दाट झाला होता. घरभर दालचिनीचा वास सुटला होता.

"ठकू, आईला विचार गं, याला ॲपल बटर का म्हणतात? लोण्याचा तर टिपूस नाही यात."

"काकूला सांग, म्हणतात आपलं. काही माणसांना नाही का मोठं म्हणत?"

एवढं लांबलचक ठकूला पेललं नाही. "काकू, मोठं म्हणत," तिनं सांगितलं.

थोरलीचा डाव थांबला. एक हात तसाच डावावर, दुसरा कमरेवर. ती समोरच्या भिंतीकडं बघत राहिली.

न ढवळलेला गर आतल्या आत फुगू लागला. बदक्! एक गोळा उडून फरशीवर पडला. धाकटी गर्रकन वळली. 'ताई' हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. तो तिनं गिळला.

"ठकू, काकूला सांग, गॅस बारीक कर!"

ठकू लगेच निघाली. काकूजवळ, म्हणजे पातेल्याजवळ. टाचा उंचावून तिनं ओट्याच्या कडेला हात धरला. थोरलीनं खाली पाहिलं. पोरीचा हात पाहिला, पातेल्यातला फुगणारा बुडबुडा पाहिला. कमरेवरचा तिचा हात मोकळाच होता.

"ठकू, आईला सांग, तुला मागं ओढ म्हणावं."

ठकू गोंधळली. काकूला निरोप अजून द्यायचा होता, तोवर आईसाठी दुसरा आला. आधी कुठला? ती आईकडं बघायला वळली, आणि बुडबुडा फुटला.

मग सगळं एकदम झालं. चिमटा पडला, बरणी फुटली. दोघींनी मिळून ठकूला सिंकपाशी नेलं. नळ थोरलीनं सोडला, बाही धाकटीनं वर केली. मनगटापासून कोपरापर्यंत गर चिकटला होता. गार पाण्याखाली तो सुटत गेला, तशी खालची कातडी दिसू लागली. एका इवल्याशा हातावर दोघींचे चार हात होते.

मागं शेगडी तशीच पेटलेली. गर खाली लागल्याचा वास येऊ लागला होता.

ठकूचं रडणं हुंदक्यांवर आलं. तिनं नाक वर ओढलं.

"काकू... आई म्हणते... गॅस बारीक कर."

मग मान फिरवून, दुसरीकडं:

"आई, काकू म्हणते... मला मागं ओढ."