वकील निघाला समुद्रापार

"पिंजऱ्यावरची चादर जरा सरकव, सूनबाई. त्यालाही शेतं दिसू देत," अण्णा म्हणाले.

"नको, अण्णा. गाड्यांच्या आवाजाने बावचळतो तो. झाकलेलाच बरा."

गुडघे दुमडत नाहीत म्हणून अण्णा पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते. मागे दोन ट्रंका, सून आणि तिच्या मांडीवर वकिलाचा पिंजरा. शब्दाला शब्द वाढवतो म्हणून सासूबाईंनी आपल्या पोपटाचं नाव वकील ठेवलं होतं. सासूबाई गेल्या, त्यांचा आवाज तेवढा पिंजऱ्यात राहिला. किंचित नाकातला, शेवटचा शब्द लांबवणारा.

अण्णांनी जन्मभर लोकांची वाद्यं सुरात लावून दिली. आता त्यांच्या डोळ्यांपुढे नुसतं दुधाळ धुकं असे. विमान डॉक्टरांनी बंद केलं होतं, म्हणून बोट. मुलगा नातीला घेऊन आधीच समुद्रापार गेला होता, तिची शाळा बुडू नये म्हणून. सून मागे राहिली, कारण अण्णा हलेनात. घर विकून झालं, सुनेने बालवाडीतली नोकरी सोडली, तरी म्हाताऱ्याचं पालुपद एकच.

"वकील येणार असेल तर मी येतो. नाहीतर मला वृद्धाश्रमात ठेव आणि तू खुशाल जा."

टाकून जाणाऱ्यातली ती नव्हती, आणि हे म्हाताऱ्याला पक्कं ठाऊक होतं. लेकीचा फोन आला की ती उठून गॅलरीत जायची. "आई, तू कधी येणार?" असं लेकीने विचारलं की ती शाळेतल्या गमती विचारू लागायची. असं असताना एके दिवशी अण्णा अचानक म्हणाले, "चला, निघू या." ते का निघाले हे विचारायच्या भानगडीत ती पडली नाही. रेल्वेत पोपट नेता येत नाही म्हणत तिने गाडी ठरवली. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला.

रस्ता सरळ होता, इतका सरळ की ड्रायव्हरच्या हातांना काम नव्हतं. दोन्ही बाजूंनी पिवळी शेतं मागे पळत होती. ढगांच्या सावल्या त्यांवरून संथ सरकत होत्या. दूरवर डांबरावर पाणी चमके, जवळ गेलं की नाहीसं होई, आणि पुन्हा पुढे चमके. गाडीतली सगळीच माणसं अर्धवट झोपेत होती. निदान ड्रायव्हर तरी नसावा.

"अहो, गोळी घेतलीत काऽ?" मागून आवाज आला.

अण्णांनी मान वळवली. रक्तदाबाची गोळी सुरू झाली ती बायको गेल्यानंतर. त्यांनी आवाजाकडे कान लावला. मग खिशातून गोळी काढून पाण्याबरोबर गिळली.

"घेतली गं बाई. मेलीस तरी पाठ सोडू नकोस."

"बटण लावाऽ. वारा लागतोय."

अण्णांनी बटण लावलं. ड्रायव्हरने आरशात पाहिलं आणि गिअर बदलला.

पेट्रोलपंपावर अण्णा पाय मोकळे करायला उतरले तेव्हा ड्रायव्हरने हळूच विचारलं, "ताई, बंदरावर काय करणार हो? बोटवाले असे सोडतात होय?"

"तिथवर तर पोचू. पुढचं पुढे."

"ते आजोबा बिथरले तर?"

"म्हणूनच म्हणते, हळू बोला."

तिने वकिलासाठी पेरू घेतला. वाटभर फोडी संपत गेल्या. तिसऱ्या प्रहरी ती खोकायला लागली, तेव्हा अण्णांनी खिसे चाचपून एक गोळी मागे सरकवली.

"घे, घशाची आहे. आवाज बसला तर पंचाईत व्हायची."

"माझ्या आवाजाचं काय घेऊन बसलात, अण्णा?" ती हसली.

"तेही खरंच," अण्णा म्हणाले.

मुक्कामाच्या खोलीला समुद्राच्या दिशेची खिडकी होती, म्हणजे मालकाने तसं सांगितलं. समुद्र अजून खूप लांब होता. सून अंघोळीला गेली. अण्णा पिंजऱ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि बोलत राहिले: बोटीबद्दल, नातीबद्दल, परक्या गावात मरायच्या भीतीबद्दल. पिंजरा गप्प होता. सून ओले केस पुसत आली तेव्हा ते इतकंच म्हणाले, "आज वकीलसाहेबांचा संप आहे."

"दमला असेल."

"हो. फार दमला असेल बिचारा."

बंदर सकाळच्या धुक्यात तरंगत होतं. बोट कुठे संपते आणि आभाळ कुठे सुरू होतं ते कळत नव्हतं. रांग मुंगीच्या पावलांनी पुढे जात होती. सुनेने पिंजऱ्यावरची चादर पुन्हा घट्ट खोचली. इथून म्हातारा मागे फिरला, तर लेक आणखी किती दिवस दिसणार नाही हे तिला समोर दिसत होतं.

"अहो, माझा हात सोडू नकाऽ," आवाज आला, आणि तो जरासा कापला.

तपासणीचा अधिकारी थबकला. "पक्षी? पक्षी बोटीवर चालत नाही. चादर काढा."

"साहेब, एक मिनिट, बाजूला येता का? मी सांगते..."

पण त्याने चादर ओढलीच. पिंजरा रिकामा होता. आतल्या दांडीवर धूळ बसली होती.

"हा काय प्रकार आहे? आत्ता बोललं कोण?"

सुनेने अण्णांकडे पाहिलं. ते समुद्राकडे तोंड करून उभे होते. त्यांनी हवेत चाचपडत तिचा हात शोधला आणि घट्ट धरला.

"साहेब, पोपट मीच खिडकीतून सोडून दिला होता, न जायला सबब हवी म्हणून. बोलते ती माझी सून. तिचं तिकीट काढलेलं आहे."